थोडक्या पैशांत सहकुटुंब मुंबई

मुंबईस जाऊन आलेल्या मनुष्यास आमच्याकडे ‘काय पाहिलें?’ ह्यापूर्वीं ‘खर्च किती आला?’ असें विचारतात. सातारा काय किंवा सांगली काय, दोन्ही गांवें हिशेबी. कृष्णाकांठचा मनुष्य दिलदार असला तरी उधळ्या सहसा नसतो. परंतु ह्या हिशेबीपणाचा एक अनिष्ट परिणाम आम्ही घरोघर पाहतों. मुंबईची सहल ठरली, कीं खर्च आटोक्यांत ठेवण्यासाठीं पहिल्यानें वगळलीं जातात तीं घरांतील वडील माणसें. “आम्हांला काय करावयाचें? मुलांना दाखवून आणा,” असें आजी म्हणते, आणि तें सर्वांसच सोयीचें असल्यामुळें कोणी फारसा आग्रहहि धरीत नाहीं. वस्तुतः आज नीट हिशेब मांडला, तर प्रवासापुरतें घरांतील सर्वांत स्वस्त माणूस म्हणजे आजोबा!

तें कसें, तें पाहा. राज्य परिवहनाच्या गाडींत ७५ वर्षें पुरीं झालेल्यांस ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाहीं. ६५ ते ७५ वयाच्या वृद्धांस अर्धें तिकीट, मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांस अर्धें, आणि ५ ते १२ वर्षांच्या मुलांस तर पूर्वींपासूनच अर्धें. आतां ७७ वर्षांचे आजोबा, सत्तरीची आजी, मुलगा, सून व दोन शाळकरी नातवंडें अशीं सहा माणसें साताऱ्याहून निघालीं, असें धरूं. आरक्षणाचा वगैरे किरकोळ आकार सोडल्यास तीन पुऱ्या तिकिटांत सहा माणसें मुंबईस पोहोंचतात. आजी-आजोबांस घरीं ठेवलें, तर वांचतें तें फक्त एक अर्धें तिकीट! वयाचा दाखला मात्र हाताशीं असावा. ट्रंकेच्या तळाशीं ठेवलेला दाखला वाहकाच्या कामाचा नाहीं.

सांगलीकरांचें गणित थोडें निराळें आहे. रेल्वेनें वृद्धांची सवलत मार्च २०२० मध्यें बंद केली. मुलास स्वतंत्र शायिका हवी असेल तर २०१६ पासून पुरें भाडें पडतें. तथापि महालक्ष्मी एक्सप्रेसनें रात्रीं निघून सकाळीं मुंबईस उतरतां येतें, आणि शायिकेचें साधें भाडें दिलें कीं त्यांतच एका रात्रीच्या मुक्कामाची सोय होते. जातांना एक व येतांना एक अशा दोन रात्री गाडींत काढल्यास मुंबईंतील मुक्काम एका रात्रीवर येतो. साताऱ्यास हीच गाडी मध्यरात्रीच्या सुमारास येते, आणि स्टेशन गांवापासून दूर, माहुलीच्या बाजूस. म्हणून सातारकरांनीं एस.टी.च बरी. (तिकीट काढतांना ‘सातारा’ व ‘सातारा रोड’ हीं दोन निरनिराळीं स्टेशनें आहेत हें विसरूं नये.)

खरा खड्डा पडतो तो मुक्कामानें. सहा माणसांस हॉटेलांत दोन खोल्या लागतात, आणि तेवढ्यांत साऱ्या सहलीचें अंदाजपत्रक बुडतें. मग आठवतात दादर-पार्ल्याची आत्या आणि डोंबिवलीचा मावसभाऊ. आमच्या मतें नातेवाइकांकडे उतरण्यांत कमीपणा कांहींच नाहीं. कमीपणा आहे तो त्यांच्या अडचणीकडे डोळेझांक करण्यांत. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत सकाळचें पाणी मोजकें, यजमानांना ठराविक लोकल गांठावयाची, मुलाची परीक्षा आठवड्यावर आलेली. अशा घरीं सहाजणांनीं एकदम जाऊन पडूं नये. तिघे एकीकडे, तिघे दुसरीकडे अशी वांटणी करावी, आधीं कळवावें, आणि एका रात्रीचें सांगून चार रात्री काढूं नयेत. साताऱ्याचे कंदी पेढे किंवा सांगलीची हळद नि बेदाणे बरोबर न्यावेत. सकाळीं यजमानीणबाई चहा करूं लागल्या, तर आपल्यांतील एखादीनें केर काढावयास घेण्यास हरकत नसावी. एखाद्यानें घेतला तर अधिकच उत्तम.

शहरांत हिंडण्यास पैसे फार पडत नाहींत. लोकलचें दुसऱ्या वर्गाचें तिकीट पांच रुपयांपासून आहे. ‘बेस्ट’च्या साध्या बसचें किमान भाडें मे २०२५ मध्यें पांचाचें दहा रुपये झालें, तरी तेंहि टॅक्सीच्या मानानें कांहींच नव्हे. मात्र वृद्धांना घेऊन सकाळीं आठ ते अकरा आणि सायंकाळीं पांच ते आठ ह्या वेळांत लोकलच्या वाटेस जाऊं नये. तेथें पैसे वांचतात, पण माणूस वांचेल ह्याची हमी नाहीं. रविवारीं गर्दी कमी असते. परंतु रुळांच्या दुरुस्तीसाठीं गाड्या बंद ठेवतात, तें आदल्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत पाहून ठेवावें.

पाहावयाचें काय? १८८८ सालीं पुरें झालेलें बोरीबंदरचें स्टेशन, म्हणजे आजचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस, गाडींतून उतरल्याबरोबर फुकट पाहावयास मिळतें. २००४ सालीं तें जागतिक वारशाच्या यादींत गेलें, तरी आपले लोक हमालाच्या शोधांत वर पाहात नाहींत. १९२४ सालचें गेटवे ऑफ इंडिया, मलबार टेकडीवरची बाग, गिरगांवची चौपाटी ह्यांस दमडी पडत नाहीं. लॅबर्नम रस्त्यावरील मणिभवनांत महात्माजी १९१७ ते १९३४ पर्यंत मुंबईस आले म्हणजे उतरत. तें घर मुलांना अवश्य दाखवावें. राणीच्या बागेंत आईबाप व दोन मुलें मिळून शंभर रुपये असा दर २०१७ सालीं ठरला, आणि तेथील पेंग्विन पक्षी पाहून आजोबाहि नातवाच्या वयाचे होतात. बुधवारीं मात्र बाग बंद. घारापुरीच्या लेण्यांचें तिकीट थोडें. परंतु होडीचें भाडें जड, आणि वर पायऱ्या शंभराहून अधिक. गुडघे दुखणारें माणूस बरोबर असेल, तर तो बेत पुढील खेपेस ठेवावा.

नाटकावर मुंबईंत पैसे खर्च करावे, असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या सांगलींत विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं ‘सीतास्वयंवर’ उभें केलें, आणि बोरघाटांत आगगाडी येण्याच्या दहा वर्षें आधीं, १८५३ सालीं, जेथून आपली मंडळी मुंबईस नेऊन तिकिटें लावून खेळ केले, तेथील लोकांनीं मुंबईस नाटक पाहण्यास जाणें म्हणजे गंगा उलटी वाहणें होय. तेंच नाटक बहुधा पुढें भावे नाट्यमंदिरांत नाहींतर साताऱ्याच्या शाहू कलामंदिरांत येतें. त्या पैशांत दादरच्या ‘प्रकाश’मध्यें साबुदाणावडा नि पियूष घ्यावें, बाकी दोन वेळांस घरच्या दशम्या व तिळाची चटणी पुरे.

शेवटीं समुद्राविषयीं. त्याची वेळ घरच्या पंचांगांतच असते. तिथीची पाऊणपट केली, कीं भरतीची वेळ अदमासानें निघते: चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, पौर्णिमा-अमावास्येस बारा. वद्य पक्षांत पुनः प्रतिपदेपासून मोजावें. मुलांना वाळूंत खेळावयाचें असेल, तर पौर्णिमेच्या सायंकाळीं चौपाटीवर जावें. पाणी दूर गेलेलें असतें. आजीला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून पायांखालीं भरलेला समुद्र पाहावयाचा असेल, तर अष्टमीची संध्याकाळ बरी. पावसाळ्यांत पौर्णिमा-अमावास्येच्या दुपारीं मात्र त्या कठड्याजवळ कोणीहि उभें राहूं नये. उधाणाची लाट तेव्हां रस्त्यावर येते.