नडगीची जखम आणि जिवंत ठिगळ



आपल्या खालापूर तालुक्यातून जुना मुंबई-पुणे रस्ता जातो आणि एक्सप्रेस वेही जातो. त्यामुळे अपघात आपल्याला नवे नाहीत. घरच्या माणसाच्या पायावरून चाक गेलं की सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न येतो, पाय राहील की कापावा लागेल? आज त्याबद्दल बोलूया.

आपल्या नडगीवर बोट ठेवून पाहा. कातडीखाली लगेच हाड लागतं. मागे पोटरीला मांस आहे, पुढे नाही. म्हणून इथली कातडी फाटली की हाड उघडं पडतं. उघडं हाड सुकतं, मरतं, त्यात पू होतो.

मग बाया विचारतात, मांडीची कातडी काढून लावता येत नाही का? लावता येते, पण सगळीकडे नाही. आपण आवण उपटून चिखलात लावतो, तेव्हा ते जगतं. तेच कातळावर लावलं तर वाळून जाईल. पातळ कातडीचंही तसंच आहे. खाली रक्त खेळतं मांस असेल तरच ती धरते. उघड्या हाडावर ती धरत नाही.

अशा वेळी डॉक्टर ‘फ्लॅप’ करतात. झाड मातीच्या गड्ड्यासकट, मुळांसकट हलवावं तसं कातडी किंवा मांस त्याच्या रक्तवाहिनीसकट जखमेवर आणतात. जखम गुडघ्याखाली असेल तर पोटरीचं मांस पुढे वळवता येतं. घोट्याजवळ असेल तर काम अवघड होतं. तिथे कधी पोटरीमागची कातडी खाली फिरवतात, तर कधी मांडीचा किंवा पाठीचा तुकडा पूर्ण सोडवून आणतात आणि त्याच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पायाच्या वाहिन्यांना शिवतात. असं ऑपरेशन बरेच तास चालतं.

ही विद्या परकी नाही. टिपूच्या सैनिकांनी कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचं नाक कापलं होतं. पुण्याजवळच्या वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक केलं. वळवताना ती कातडी एका बाजूने जोडलेलीच ठेवली होती. ही हकीकत १७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापून आली आणि तिथले डॉक्टर ही रीत शिकू लागले.

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू.

अपघात झाला की १०८ ला फोन करा. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा. हळद, चुना, चहापूड, राख काही टाकू नका. हाड बाहेर दिसत असेल तर आत ढकलू नका. पाय आहे तसाच फळीला आधाराने बांधा. दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं का, हे विचारा.

दवाखान्यात आधी जखम धुतात, मेलेलं मांस काढतात, हाड स्थिर करतात. त्याच वेळी विचारा, “हाड उघडं आहे का? प्लास्टिक सर्जनला दाखवायचं का?” हे पहिल्या काही दिवसांत ठरलं तर बरं. नुसतं ड्रेसिंग करत महिना घालवला तर पू हाडात शिरतो.

ऑपरेशननंतर पाय उंच ठेवतात. नर्स सारखी येऊन फ्लॅपचा रंग पाहते. तो निळा, काळपट किंवा पांढरा पडला, गार लागला तर रात्र असली तरी लगेच सांगा. आणि मिश्री, तंबाखू, विडी पूर्ण बंद! तंबाखूने रक्तवाहिन्या आखडतात आणि लावलेला तुकडा मरू शकतो. “थोडीशी चालते” असं म्हणून पेशंटला पुडी आणून देऊ नका. साखरेचा आजार असेल तर तोही ताब्यात हवा.

खर्चाची भीती वाटली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. रेशन कार्ड आणि आधार सोबत न्या. चौकशीचा नंबर १५५३८८ आहे.

पाय दरवेळी वाचतोच असं नाही. रक्तवाहिन्या चिरडल्या असतील तर जीव वाचवायला पाय काढणं हाच शहाणपणाचा निर्णय असतो. पण सही करण्याआधी कारण समजून घेणं हा आपला हक्क आहे.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हे दोन नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये घाला. ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांच्या घराच्या दारामागे खडूने लिहून द्या.