टर्बोच्या तोंडी कुठली हवा?

एक लिटर पेट्रोल पुरतं जाळायला साधारण ११ किलो हवा लागते. किलोत सांगितलं की आकडा अंगावर येत नाही, म्हणून लिटरमध्ये सांगतो: ९ हजार लिटर. उन्हाळ्यात टंचाईच्या गावात पाण्याचा टँकर येतो, जवळपास तेवढी हवा एका लिटर पेट्रोलमागे. पुण्याहून कोल्हापूरला जाऊन येईपर्यंत गाडीनं असे तीसेक टँकर रिचवलेले असतात. पेट्रोलचा हिशेब आपण पै-पैनं ठेवतो. हवेचं बिल येत नाही, म्हणून ती कुठून आत शिरते हे पाहायला कोणी बॉनेट उघडत नाही.

उघडून पाहा. रेडिएटरच्या वर किंवा हेडलाइटच्या मागे काळ्या प्लास्टिकच्या नळीचं एक तोंड दिसेल, बहुतेक वेळा तळहाताहूनही लहान. तिथून हवा एअर फिल्टरमध्ये आणि पुढे टर्बोत जाते. टर्बो म्हणजे एका दांड्यावर बसवलेली दोन चाकं. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एकाला फिरवतो, आणि त्याच्याबरोबर फिरणारं दुसरं बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात कोंबतं. छोट्या टर्बोची चाकं मिनिटाला २ लाखांहून जास्त फेरेही घेतात. दोन लिटरचं इंजिन वातावरणाच्या दुप्पट दाबानं भरत असेल, तर ४ हजार फेऱ्यांवर ते सेकंदाला सव्वाशे लिटरच्या आसपास हवा ओढतं. एका सेकंदाला! आणि ही सगळी त्या तळहाताएवढ्या भोकातून.

मग हे भोक असावं कुठे? पहिलं उत्तर कुणीही देईल: समोर, वाऱ्याच्या तोंडावर. गाडी धावेल तसा वारा आपोआप आत घुसेल. ऐकायला झकास आहे, पण आकडे साथ देत नाहीत. ताशी १०० किलोमीटर वेगानं येणारा वारा पूर्ण अडवला तरी त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्काही भरत नाही. २०० च्या वेगालाही दोन टक्क्यांच्या आतच. हे घरच्या घरी मोजता येतं. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवायची, तिच्यात रंगीत पाणी भरायचं आणि एक टोक लांब नळीनं बंपरपर्यंत न्यायचं. शंभरच्या वेगाला दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत फार तर पावणेपाच सेंटीमीटरचा फरक पडेल. (गाडी दुसऱ्याला चालवू द्या, आणि नजर पाण्यावर ठेवा.)

खरी गंमत पुढे आहे. आता तेच टोक फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या पाइपाला जोडा आणि चढावर पाय दाबा. मळका फिल्टर, दोन-तीन वाकडी वळणं, मध्येच अरुंद झालेली नळी, एवढं असलं की पाणी उलट्या दिशेला वीस-तीस सेंटीमीटर ओढलं गेलं तरी नवल नाही. वाऱ्यानं दिले पाच, नळीनं खाल्ले तीस. म्हणून तोंड वाऱ्यासमोर आहे की नाही यापेक्षा तिथून टर्बोपर्यंतची वाट किती सरळ आणि ऐसपैस आहे, हे मी आधी बघेन.

त्यात टर्बो बेरीज करत नाही, गुणाकार करतो. दाब दुप्पट करणाऱ्या टर्बोच्या अलीकडे जेवढी तूट पडते, त्याच्या दुप्पट तूट पलीकडे दिसते. ती भरून काढायला गाडीचा कॉम्प्युटर टर्बोला आणखी जोरात पळवतो. हवा आणखी तापते, धुराची वाट आणखी अडते.

उष्णतेचंही तेच. ३० अंशांची हवा दुप्पट दाबली की चांगल्यापैकी टर्बोतूनही ती सव्वाशे अंशांच्या घरात पोचते. बॉनेटखालची ६० अंशांची हवा दिली, तर १६० च्या वर. आत तीस अंशांचा फरक होता, बाहेर तो चाळीसच्या आसपास गेला. टर्बोपुढचा इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा गार करणारी जाळी, त्यातला बराच उतरवतो, सगळा नाही. उरलेल्या उष्णतेनं पेट्रोल इंजिनात नॉकिंगची, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकण्याची, भीती वाढते, मग कॉम्प्युटर ठिणगी उशिरा पाडतो आणि गाडी मरगळते. तरीही फिल्टरचा मूळचा डबा काढून इंजिनाशेजारी उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर हौसेनं बसवला जातो. त्याचा सूं-सूं आवाज जोरकस असतो, आणि पैसे बहुधा त्या आवाजाचेच असतात.

बरं, गाडीच्या अंगावर वाऱ्याचा दाब सगळीकडे सारखा नसतो. नाकाडावर वारा थडकतो, तिथे दाब जास्त. बॉनेटच्या पुढच्या कडेवरून वळताना तो पळत सुटतो, तिथे दाब वातावरणापेक्षाही कमी. काचेच्या पायथ्याशी, वायपरजवळ, तो पुन्हा तुंबतो. अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतींच्या गाड्या वर्षानुवर्षं तिथूनच हवा घेत आल्या. आणि आपल्याकडे पुढाऱ्यांच्या ताफ्यात मिरवलेल्या पहिल्या फॉर्च्युनरच्या बॉनेटवरचा तो मोठा उंचवटा? त्यातली हवा सिलिंडरमध्ये जातच नाही. खाली बसलेल्या इंटरकूलरला ती बाहेरून गार करते.

नाकाडावर खाली तोंड ठेवलं तर हवा गार मिळते, पण पाणीही मिळतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ही निवड किती महागात पडू शकते ते मुंबईच्या रस्त्यांवर दिसलं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते शिरलं की वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा स्टार्ट करणं म्हणूनच घातक. ट्रकच्या केबिनमागे उभा पाइप असतो तो याचसाठी, शिवाय वर धूळही कमी.

भोकाची किंमत सगळ्यात नेमकी कळते ती रॅलीत. जागतिक रॅली स्पर्धेत १९९५ साली टर्बोच्या चाकाच्या अगदी पुढ्यात ३४ मिलिमीटरची अरुंद कडी सक्तीची होती. तिच्यातून हवा ध्वनीच्या वेगानं जाऊ लागली की टर्बोनं कितीही ओढलं तरी वेग वाढत नाही. अशा वेळी कडीच्या अलीकडची हवा किती गार आणि किती दाबाची, एवढंच इंजीनियरांच्या हाती उरतं. टोयोटानं तिसरी वाट काढली. नळीचा क्लॅम्प आवळला की त्यांच्या सेलिका गाडीतली ती कडी स्प्रिंगांच्या आधारे सुमारे ५ मिलिमीटर पुढे सरके आणि बाजूच्या फटीतून जादा हवा आत जाई. तपासनिसानं नळी सोडवली की फट बंद, सगळं नियमात. स्पेनमधल्या कॅटलुन्या रॅलीत हे उघडकीला आलं. संघाचे गुण गेले, वर ‘एफआयए’ या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेनं वर्षभराची बंदी घातली, पण तिचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनी त्या करामतीच्या कल्पकतेला जाहीर दादही दिली.