त्रिरश्मीचा शिलालेख आणि ‘वरचा’ हा संबंध

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्राकृत शिलालेख आहे. पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातील या लेखात हे लेणे भदावनीय निकायाच्या भिक्खुसंघास दान दिल्याची नोंद आहे. त्याच लेखात, तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याने चार वर्णांचा संकर थांबविला, अशी प्रशस्तीही आहे. विहाराच्याच भिंतीवर वर्णभेदाचा गौरव! हा वर्णसंबंध नेमका कोणत्या जातीचा आहे, हे तपासण्यास गणितातील एक साधी रीत उपयोगी पडते.

संच सांत असला, म्हणजे त्यातील घटक मोजके असले, की त्यावरील कोणताही संबंध जोड्यांच्या यादीने पूर्ण सांगता येतो. चार वर्णांच्या १६ क्रमित जोड्या होतात. ‘पहिला दुसऱ्याच्या वरचा’ हा संबंध त्यांपैकी फक्त ६ जोड्यांत आढळतो. आता तीन प्रश्न विचारावयाचे. प्रत्येक घटकाचा स्वतःशी हा संबंध आहे काय? एकाही वर्णाचा नाही. म्हणून संबंध परावर्ती नाही. जोडी उलटविली तर ती यादीत सापडते काय? ब्राह्मण क्षत्रियाच्या वरचा, पण उलट नाही; म्हणून तो सममित नाही. पहिला दुसऱ्याच्या वर आणि दुसरा तिसऱ्याच्या वर असेल, तर पहिला तिसऱ्याच्या वर असतो काय? अशा साखळ्या चारच निघतात आणि चारही ठिकाणी उत्तर होकारार्थी येते. म्हणून तो संक्रामक आहे. (‘एकाच गावचे रहिवासी असणे’ या संबंधात मात्र हे तिन्ही गुण असतात.)

बाबासाहेबांनी ज्यास श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती याच यादीत दिसते. अवर्णांना पाचवा घटक धरले, तर २५ पैकी १० जोड्या होतात. प्रत्येकाच्या खाली किती, हे मोजले तर ४, ३, २, १, ० असे आकडे येतात. पाचांपैकी चौघांच्या पायाखाली कोणीतरी आहे! म्हणूनच दबलेलेही एकत्र येत नाहीत. काळाराम मंदिराचे दार उघडले असते तरी या दहा जोड्या तशाच राहिल्या असत्या, असे आम्हास वाटते. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या सत्याग्रहानंतर, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास बाबासाहेबांनी यादीतील जागा बदलून मागितली नाही. त्यांनी तो संचच सोडण्याची घोषणा केली.

मग संघात क्रम नव्हता काय? होता. चुल्लवग्गानुसार भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किम्बिल आणि देवदत्त या शाक्यकुमारांनी आपला कुलाभिमान मोडावा म्हणून उपाली या न्हाव्यास आपल्याआधी प्रव्रज्या देण्याची विनंती तथागतांना केली. ‘ज्येष्ठ असणे’ या संबंधाच्या सात जणांत २१ जोड्या होतात. त्यांपैकी सहांत उपाली वरचा. गुणधर्म तपासले तर तेच निघतात: परावर्ती नाही, सममित नाही, संक्रामक आहे. सारांश, केवळ गुणधर्म पाहून वर्ण आणि संघ यांतील भेद सांगता येत नाही. जोड्या कशावरून ठरल्या, हे विचारावे लागते. एकीकडे जन्म, दुसरीकडे प्रवेशाचा दिवस. नव्या भिक्खूच्या खाली उद्या आणखी नवा येतो. शूद्राच्या खाली गेलेला ब्राह्मण वर्णव्यवस्थेच्या यादीत कधी येत नाही.

या कसोटीवर एक जागा मात्र अडते. पहिल्या गरुधम्माप्रमाणे शंभर वर्षावास झालेल्या भिक्खुणीनेही त्याच दिवशी उपसंपन्न झालेल्या भिक्खूस वंदन करावयाचे असते. तेथे जोडी वर्षावासांवरून ठरत नाही.