म्युनिकमध्ये काय काय गेलं?

२९ सप्टेंबर १९३८. हिटलर, मुसोलिनी, ब्रिटनचे चेंबरलेन आणि फ्रान्सचे दलादिए म्युनिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडायला बसले. ज्या देशाचा सौदा चालला होता, त्याच्या दोन प्रतिनिधींना बैठकीत प्रवेशच नव्हता. मध्यरात्र उलटल्यावर करार झाला आणि त्यांना तो नुसता ऐकवण्यात आला.

हिटलरला सुडेटनलँड मिळालं. चर्चा झाली ती तिथल्या सुमारे ३० लाख जर्मनभाषकांची. पण डोंगराळ सरहद्दीवर चेकांनी बांधलेली काँक्रीटची तटबंदीही याच पट्ट्यात होती, आणि ती एकही गोळी न झाडता हातची गेली. खरं तर आठवडाभर आधीच त्यांनी दहा लाखांहून अधिक माणसं सैन्यात उभी केली होती. मदतीचा करार केलेल्या फ्रान्सनेच पाठ फिरवली. ही दगाबाजीच होती.

लंडनमध्ये मात्र युद्ध टळलं म्हणून चेंबरलेन यांचं जंगी स्वागत झालं.

पण सहा महिन्यांच्या आतच, १५ मार्च १९३९ रोजी, जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. पिल्झनचा प्रचंड स्कोडा कारखाना, तोफा, रणगाडे, सगळं आयतंच हाती लागलं. मे १९४० मध्ये जर्मन सेनानी रोमेलची सातवी पँझर डिव्हिजन फ्रान्सवर चालून गेली, तेव्हा तिच्यातले कितीतरी रणगाडे चेक बनावटीचे होते.