हरभऱ्याचे शेंडे खुडा, तोंडी लावायला भाजी करा



दिवाळीच्या पुढेमागे खटाव-माणपासून जत-आटपाडीपर्यंत काळ्या रानात हरभरा हिरवागार दिसू लागतो. पेरणीनंतर साधारण महिन्याने त्याचे शेंडे खुडले, म्हणजे बगलेतून फुटवे येतात. फांद्या वाढल्या की घाटेही जास्त लागतात. खुडलेला पाला मात्र बांधावर टाकू नका. भाकरीसोबत तोंडी लावायला त्याची फार चवदार भाजी होते. रक्ताला लागणारं लोह आणि हाडांना लागणारं कॅल्शियमही तिच्यात असतं.

खुडणी कधी करावी?
दंव उतरल्यावर वरचा कोवळा शेंडा तेवढा खुडावा. फुलं दिसू लागली की खुडणी बंद. ओल कमी पडून पीक खुरटलं असेल, तर त्याला हात लावू नये.

पाला धुवावा का?
जुन्या बायका म्हणतात, धुतला की आंब जाते, चव जाते. थोडी जाते, हे खरं. पण पूर्वी हरभऱ्यावर औषध मारत नव्हते. आता घाटे अळीसाठी फवारतात, आणि शेजारच्या रानातलंही औषध वाऱ्याने येतं. म्हणून पाला निवडून, चिरण्याआधी धुवावा. चिरल्यावर धुऊ नये, सत्त्व पाण्याबरोबर जातं. आपण फवारलेल्या रानातला पाला मात्र धुऊनही खाऊ नये. बऱ्याच घरांत फवारतो एक आणि खुडायला जाते दुसरी. तेव्हा आधी खुडणी, मग फवारणी, आणि फवारल्याचं घरात सांगायचं.

साहित्य (चार माणसांसाठी)
कोवळा पाला पाव किलो, भिजवलेली मूगडाळ मूठभर, कांदा १, लसूण ८-१० पाकळ्या, हिरव्या मिरच्या ३-४, शेंगदाण्याचं कूट २ चमचे, तेल, मोहरी, जिरं, हळद, मीठ.

कृती
लोखंडी कढईत तेल तापवून मोहरी-जिरं तडतडू द्यावं. ठेचलेला लसूण, मिरची आणि कांदा परतावा. हळद, डाळ व पाण्याचा हबका घालून पाच मिनिटं वाफ द्यावी. मग चिरलेला पाला घालून मऊ होईपर्यंत परतावा. शेवटी कूट घालावं. पाला मुळात आंबट-खारट, म्हणून मीठ बेताने. पाणी ओतून टाकू नये, कढईतच आटवावं. शिजताच भाजी दुसऱ्या भांड्यात काढावी, नाहीतर काळी पडते. बिनकल्हईच्या पितळेत करू नये, कळकते.

वर लिंबू पिळलं तर भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला, तर तो फायदा कमी होतो. गरोदर बाई आणि वाढती पोरं यांच्या ताटात ही भाजी आधी वाढा.

पाला जास्त निघाला, तर स्वच्छ कापडावर सावलीत कुरकुरीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. पावसाळ्यात भाजी मिळेनाशी झाली, की डाळ घालून त्याचंच गरगट करता येतं.