न दिसणारा धूर

हळद शिजून वाळली की वसमत, औंढा, कळमनुरीच्या शिवारात पॉलिशचे ड्रम फिरू लागतात. अनेक ठिकाणी ड्रम फिरवतो तो ट्रॅक्टरच. दिवसभर उडणारी पिवळी धूळ इंजिनही श्वासाबरोबर ओढत राहतं. मग ड्रायव्हरची तक्रार येते, ‘गाडी लोड घेईना, काळा धूर फेकायलीय.’ मिस्त्री पाना उचलण्याआधी सायलेन्सरकडे बघतो.

त्या बघण्यात शास्त्र आहे. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवेला १६ ते १८ पट दाबतो, हवा ५०० अंशांच्या वर तापते आणि तिच्यात उडालेला डिझेलचा फवारा आपसूक पेटतो. १ किलो डिझेल पुरतं जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. हवा कमी पडली किंवा नोझलमधून फवाऱ्याऐवजी थेंब गळले, की डिझेलची काजळी होते. तोच काळा धूर. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर निघत असेल, तर डिझेल न जळताच वाफ होऊन चाललंय. कॉम्प्रेशन आणि टायमिंग तपासायचं. सोबत रेडिएटरचं पाणीही घटत असेल, तर संशय हेड गॅस्केटवर. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय.

नव्या इंजिनात मात्र हा साक्षीदारच गायब झाला. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले. जुनं नोझल २०० बारच्या आसपास उघडायचं. या नियमांसाठी आलेल्या कॉमन रेल इंजिनात दाब हजार बारच्या पुढे जातो आणि एकाच स्फोटासाठी डिझेल दोन-तीन हप्त्यांत सुटतं. आधीचा छोटा हप्ता आग हळुवार पेटवतो, म्हणून खडखड कमी. उरलेली काजळी अनेक मॉडेलांत धुराड्यातला फिल्टर अडवतो आणि सुमारे ६०० अंशांवर जाळून टाकतो.

म्हणून आता आकड्यांना विचारावं लागतं. प्रत्येक सिलिंडर पेटल्यावर क्रँकला किती झटका मिळाला, हे कंट्रोल युनिट मोजतं आणि अशक्त सिलिंडरला थोडं जास्त डिझेल देतं. ही दुरुस्ती स्कॅनरवर दिसते. एकाच सिलिंडरचा आकडा वेगळा पडला, तर शोध तिथूनच सुरू करायचा. काजळीचा फिल्टर वारंवार भरत असेल, तर नुसता तो साफ करून भागत नाही. टर्बोचा पाइप फुटलाय का, इंजेक्टर गळतोय का, हे आधी पाहायचं.

त्याहीआधी एअर क्लीनर उघडावा. हळदीच्या आणि सोयाबीन मळणीच्या दिवसांत तो पुस्तिकेतल्या मुदतीआधीच चोंदतो. बाहेरचा कागदी फिल्टर आतून बाहेर, बेताच्या हवेनं झाडावा. उलट फुंकलं तर धूळ कागदात रुतते. आतला छोटा फिल्टर झाडायचा नसतो, बदलायचा असतो. तो फाटला तर धूळ थेट पिस्टन-लायनरपर्यंत पोचते, आणि तिथली झीज कुठलाही स्कॅनर भरून काढत नाही.