हातात हात, हेही औषधच

नृसिंहवाडीहून नदीवरचा पूल ओलांडला की कुरुंदवाड, आणि कुरुंदवाडच्या पलीकडे हेरवाड. शिरोळ तालुक्यातील या गावाच्या ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी एक ठराव केला. पतीच्या निधनानंतर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. १७ मे रोजी राज्य शासनाने परिपत्रक काढून सर्व ग्रामपंचायतींना हेरवाडचा आदर्श घ्यायला सांगितले. १९२० च्या परिषदेमुळे आपल्या सर्वांना जवळचे असलेले माणगावही हेरवाडच्या पाठोपाठ पुढे आले.

आरोग्याच्या पानावर ठरावाची गोष्ट कशाला, असे वाचकांना वाटेल. कारण हा प्रश्न जितका सन्मानाचा आहे, तितकाच शरीराचाही आहे.

तो प्रसंग आठवून पाहा. नवरा नुकताच गेला आहे. त्या क्षणी बाईला कुणीतरी घट्ट धरायला हवे असते. पण तिच्याकडे येणारे हात कशासाठी येतात? एक हात कुंकू पुसायला, दुसरा बांगडी फोडायला. दिवसकार्य आटोपले की तेही हात निघून जातात. तापात कपाळावर ठेवलेला हात, एस.टी.त चढताना दिलेला आधार, रात्री कूस बदलताना शेजारी कुणी असल्याची जाणीव, तीस-चाळीस वर्षांची ही सवय एका दिवसात तुटते. घरात मुले-सुना असतात, जेवणाचे ताट वेळेवर येते, गोळ्याही आणून दिल्या जातात. तरी महिनोन् महिने तिच्या अंगाला कुणाचा मायेचा हात लागत नाही. हे ती कुणाला सांगतही नाही. या वयात कसे बोलायचे, याची लाज वाटते.

ही गरज लाजेची नाही. आपल्या त्वचेत काही मज्जातंतू असे आहेत, की हळुवार, उबदार स्पर्शाला ते खास प्रतिसाद देतात. हात कुठे लागला, एवढेच ते सांगत नाहीत. आपण सुरक्षित आहोत, ही भावना मेंदूपर्यंत पोहोचवण्यात त्यांचा वाटा असतो. अमेरिकेत १६ विवाहित स्त्रियांवर केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. विजेचा सौम्य झटका बसणार, असे सांगून त्यांच्या मेंदूतील हालचाल तपासली गेली. पतीचा हात हातात असताना मेंदूतील भीतीची खळबळ कमी झाली. अनोळखी माणसाचा हात धरला तेव्हाही ती कमी झाली, मात्र पतीच्या हाताइतकी नाही. आपल्या कामाची गोष्ट इथेच आहे. गेलेला हात परत येत नाही, पण दुसऱ्याचा हातही काही भार उचलतो.

एकटेपणाचा भार खरोखर जीवघेणा ठरू शकतो. ब्रिटनमध्ये पत्नी गमावलेल्या, ५५ वर्षांवरील सुमारे साडेचार हजार पुरुषांचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त आढळले. मोठ्या धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता कमकुवत होण्याचा आजारही असतो, आणि तो उतारवयातील स्त्रियांत अधिक दिसतो. म्हणून दुःखात असलेल्या माणसाच्या छातीत दुखू लागले, तर ‘मनाला लावून घेतलंय’ म्हणून थांबू नका. लगेच दवाखान्यात न्या.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांचा जातीशी असलेला संबंध उलगडून दाखवला. जात टिकवण्यासाठी बाईला बंदिस्त केले गेले. स्पर्श नाकारला की माणसाचे काय होते, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. मग आपल्याच घरातील आईला, मावशीला, काकूला आपण नकळत स्पर्शापासून तोडत नाही ना, हे प्रत्येकाने पाहावे.

काय करता येईल?

• आईच्या डोक्याला तेल लावा, वेणी घाला. सांधे दुखत असतील तर पाय चेपून द्या.
• बोलताना जवळ बसा, हात हातात घ्या. दारातून ‘बरी आहेस ना?’ विचारून निघून जाऊ नका.
• नातवंडांना तिच्या कुशीत झोपू द्या.
• लग्न, बारसे, हळदीकुंकू, विहारातील कार्यक्रम यांत तिला मागे बसवू नका. बायकांनी तिला गळाभेट द्यावी.
• तिला नको असेल तर आग्रह धरू नका. मायेचा स्पर्शही विचारूनच करावा.
• वडील, सासरे, काका यांनाही विसरू नका. पुरुष रडत नाहीत आणि जवळ या असेही म्हणत नाहीत.

जोडीदाराची गरज वाटत असेल तर त्यातही वावगे काही नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. माता रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. त्यानंतर जवळजवळ तेरा वर्षांनी, प्रकृती ढासळलेली असताना, १५ एप्रिल १९४८ रोजी बाबासाहेबांनी डॉ. शारदा कबीर, म्हणजेच माईसाहेब, यांच्याशी विवाह केला. आईने किंवा वडिलांनी पुन्हा सोबत शोधली, तर मुलांनी आधी हे आठवावे आणि मग बोलावे.

अनेक महिने झोप नाही, अन्न जात नाही, जगण्यात अर्थ नाही असे कुणी म्हणत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येते.

२०१९ च्या महापुरात वाडी, कुरुंदवाड आणि शिरोळ तालुक्यातील अनेक गावे पाण्यात होती. माणसांना नावेने बाहेर काढावे लागले. नावेत चढताना पुढे आलेला हात कुणाचा, हे कुणी विचारत बसत नाही. जोडीदार गेलेल्या माणसाच्या घरी पाणी दिसत नाही, एवढाच फरक आहे. हात पुढे करायला हवाच.